पावसाळ्यात मेमरी कार्ड चालेनासं झालं? वॉटरप्रूफ कार्ड घेण्याआधी हे तपासा

मृग लागला की आमच्या चिपळुणातल्या स्टुडिओत दरवर्षी एकच तक्रार सुरू होते. मोबाईल, लग्नाचा कॅमेरा, गाडीतला डॅशकॅम, दारावरचा सीसीटीव्ही, वस्तू कुठलीही असो. गिऱ्हाईक काउंटरवर कार्ड ठेवतं आणि म्हणतं, "दादा, ह्यात पाणी गेलं वाटतं. आता वॉटरप्रूफच द्या."

मी लगेच नवीन कार्ड काढून देत नाही. आधी ते जुनं हातात घेतो, दिव्याखाली धरतो, त्याच्या सोनेरी पट्ट्या बघतो आणि विचारतो, "कार्ड खरंच भिजलं होतं, की पाऊस चालू होता म्हणून तुम्हाला तसं वाटतंय?" बहुतेक वेळा उत्तर दुसरं असतं. कार्ड भिजलेलंच नसतं.

म्हणून उत्तर सुरुवातीलाच सांगून टाकतो. मोबाईलसाठी कार्ड घेत असाल, तर पाकिटावरच्या 'वॉटरप्रूफ' या शब्दासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका. नखाएवढं जे मायक्रोएसडी कार्ड आपण सगळे वापरतो, ते चांगल्या कंपनीचं आणि अस्सल असेल तर मुळातच पाण्याला दाद देत नाही. कॅमेऱ्यातल्या मोठ्या एसडी कार्डाचं थोडं वेगळं आहे, ते पुढे येईलच. पण कार्ड का बंद पडलं हे न शोधता नुसतं वॉटरप्रूफ कार्ड आणून घातलं, तर पुढच्या श्रावणात तेही तसंच बंद पडेल. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कार्डाच्या पोटात काय असतं

मायक्रोएसडी कार्ड १५ मिलिमीटर लांब, ११ मिलिमीटर रुंद आणि जेमतेम १ मिलिमीटर जाड असतं. एवढ्याशा जागेत मेमरीची चिप आणि तिला चालवणारी कंट्रोलर चिप बसवतात आणि वरून इपॉक्सीचा, म्हणजे वाळून दगडासारख्या कडक होणाऱ्या रसायनाचा, घट्ट थर ओततात. चिक्कीत शेंगदाणा रुतून बसतो तशा त्या चिपा आत रुतलेल्या असतात. आत पोकळी नाही, फट नाही. पाणी शिरायला जागाच नाही. उघडा भाग म्हणजे मागच्या बाजूच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या पट्ट्या, आणि त्या धुऊन पुसता येतात.

मोठं एसडी कार्ड ३२ बाय २४ मिलिमीटर, जाडी २.१. हे बहुतेक वेळा करंजीसारखं असतं. प्लॅस्टिकची दोन पानं कडेने चिकटवलेली, आत चिपांची छोटी सर्किट पाटी आणि बाकी पोकळ जागा. कडेला लॉकची सरकपट्टी, पट्ट्यांच्या मधे बारीक दांड्या. पाणी आत जाऊ शकतं आणि गेलं की लवकर बाहेर येत नाही. म्हणून सोनीने २०१८ मध्ये टफ नावाची कार्डं काढली, ती एकसंध ओतीव आहेत. त्यांना लॉकची पट्टी नाही आणि मधल्या दांड्याही नाहीत. त्यांना आयपी६८ हा धूळ आणि पाणी अडवण्याचा दर्जा आहे.

आणि तिसरी वस्तू, जिच्याकडे कोणाचंच लक्ष जात नाही: मायक्रो कार्ड कॅमेऱ्यात बसावं म्हणून आपण ज्यात घालतो तो ॲडॉप्टर. ती करंजी सारणाशिवायची. आत केसासारख्या बारीक स्प्रिंगच्या पट्ट्या, बाकी सगळी हवा. घाम, दमट हवा, पावसाचा एखादा थेंब, सगळं त्यात जाऊन बसतं. पावसाळ्यात 'कार्ड गेलं' म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांपैकी कितीतरी जणांचा फक्त ॲडॉप्टर गेलेला असतो. मी माझा ॲडॉप्टर लावतो, सगळे फोटो समोर दिसतात, आणि माणूस खुर्चीतच मागे टेकतो.

पाकिटावरचे आकडे काय सांगतात

आयपीएक्स७ असं लिहिलं असेल तर त्याचा अर्थ, १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं ठेवूनही वस्तू चालली पाहिजे. ही परीक्षा गोड्या, स्वच्छ पाण्यात घेतात. सॅमसंग आपल्या काही कार्डांबद्दल समुद्राच्या पाण्यात १ मीटर खोलीवर ७२ तासांचा दावा करतं. मी हे दावे खोटे म्हणत नाही, माझा अनुभवही त्यांच्या जवळचाच आहे. शर्टाच्या खिशात राहून धुण्याच्या मशीनमधून निघालेली मायक्रो कार्डं मी अनेकदा व्यवस्थित वाचली आहेत.

पण दोन गोष्टी बारीक अक्षरात असतात. ती परीक्षा सुट्या कार्डाची असते, चालू मोबाईलमध्ये बसलेल्या कार्डाची नसते. आणि कार्ड बिघडलं तर वॉरंटीत कार्ड बदलून मिळतं, आतले फोटो मिळत नाहीत. तुमच्या मुलीच्या बारशाची जबाबदारी कोणतंही पाकीट घेत नाही.

चिखलातली दोन कार्डं

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी गावात शिरलं. बाजारपेठ पाण्याखाली गेली, त्या दिवसाबद्दल चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. पाणी ओसरल्यावर आम्ही स्वतःचंच दुकान उपसत होतो, तेवढ्यात ओळखीच्या एक मावशी कॅमेऱ्याची बॅग घेऊन आल्या. बॅगेत बोटभर चिखल. "बाळा, कॅमेरा जाऊ दे. नातवाचं बारसं आहे ह्यात," एवढंच म्हणाल्या.

बॅगेत एकाच कंपनीची, एकाच मापाची दोन मोठी एसडी कार्डं होती. एक कॅमेऱ्यात, एक बाजूच्या कप्प्यात. दोन्ही एकाच पाण्यात, सारखाच वेळ. कप्प्यातलं कार्ड मी धुतलं, दोन दिवस सुकवलं, रीडरला लावलं आणि ते पहिल्या झटक्यात वाचलं गेलं. कॅमेऱ्यातलं मात्र वेगळंच दिसत होतं. पट्ट्यांपैकी दोन काळ्याठिक्कर पडलेल्या, एकीच्या कडेला हिरवट खरवड. विचारल्यावर कळलं, घरातल्या मुलाने कॅमेरा रात्रभर फॅनखाली ठेवला होता आणि सकाळी 'चालतोय का बघू' म्हणून बॅटरी घालून दोन-तीनदा चालू केला होता.

तिथेच घात झाला. कार्डाला कॅमेरा साधारण ३.३ व्होल्ट देतो. आत ओल आणि चिखलातले क्षार असताना ती वीज पट्टीवरून पट्टीवर जाते, आणि मुलामा जिथे झिजलेला असतो तिथून खालचं निकेल, तांबं खाल्लं जातं. नुसत्या पाण्यात महिनाभरात जे झालं नसतं ते पाण्यात वीज सोडल्यावर काही मिनिटांत होतं. त्या कार्डातले बरेच फोटो मी चार दिवस झगडून काढले. शेवटचे काही निम्मे करडेच निघाले. पाळण्याची दोरी दिसते, बाळ दिसत नाही. ते फोटो मावशींच्या हातात देताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगतो: ओल्या वस्तूची 'बघू चालतंय का' ही परीक्षा घेऊ नका.

कार्ड खरोखर भिजलं असेल तर

वस्तू लगेच बंद करा. बॅटरी निघत असेल तर काढा, मग कार्ड काढा. मोबाईलचा ट्रे काढताना मोबाईल आडवा किंवा ट्रेचं तोंड खाली करून धरा, नाहीतर ट्रेवरचं पाणी आत जातं.

साधं पावसाचं पाणी असेल तर कार्ड मऊ सुती कापडाने टिपा. समुद्राचं पाणी, पुराचा चिखल, चहा, सरबत असलं काही असेल तर नुसतं सुकवू नका. सुकल्यावर मीठ आणि साखर तिथेच राहते आणि दमट हवेत पुन्हा ओल धरते. अशा वेळी कार्ड उलट धुवायचं. हे ऐकून लोक दचकतात, पण ते धुणंच त्याला वाचवतं. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर घ्या (ॲसिडची बाटली नव्हे, दुकानदाराला नीट विचारून घ्या). नसेल तर प्यायचं गाळलेलं पाणी चालेल. वाटीत कार्ड हलवून धुवा, पाणी दोनदा बदला. मग मोबाईल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए नावाने मिळतं ते आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ ब्रशवर घेऊन पट्ट्यांवरून हलकेच फिरवा. ते ओलीला सोबत घेऊन उडून जातं. आयपीए पेट घेतं, त्यामुळे गॅस आणि देवघरातल्या समईपासून लांब बसून हे काम करा.

आता सुकवणं. इथे कोकणातल्या माणसाची खरी अडचण आहे. जुलैत आमच्याकडे हवेतलं बाष्प ८५-९० टक्क्यांच्या खाली क्वचित उतरतं. फॅनखाली ठेवलेला टॉवेल तीन दिवस वाळत नाही, तिथे कार्डाच्या फटीतली ओल कशी जाणार? त्यासाठी घट्ट झाकणाचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि कार्ड त्यात ठेवा. बुटांच्या, औषधांच्या खोक्यात येणाऱ्या त्या पुड्या आमच्या घरी कोणी फेकत नाही. पण उघड्यावर महिनोन्महिने पडलेल्या पुड्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात, त्या घेऊ नका. मायक्रो कार्डाला एक दिवस, मोठ्या कार्डाला आणि ॲडॉप्टरला दोन दिवस द्या. ॲडॉप्टर तर मी सरळ नवीनच घ्यायला सांगतो.

तांदळात ठेवू नका. तांदूळ ओल खेचण्यात सिलिकाच्या जवळपासही जात नाही, वर त्याची पिठी आणि कण खाचेत जाऊन बसतात. ॲपलनेही २०२४ मध्ये आयफोनबद्दल हेच लिहून ठेवलं आहे. हेअर ड्रायर, चुलीची ऊब, इस्त्री, गाडीच्या काचेमागचं ऊन, हेही नको. कार्ड वाकतं, मोठ्या कार्डाचा सांधा उलतो.

सुकलं की ते पुन्हा मोबाईलमध्ये घालायची घाई करू नका. मोबाईलची खाच ओली असेल तर सगळी मेहनत वाया. आधी कॉम्प्युटरला साध्या यूएसबी रीडरने लावा. हात लावून बघा, कार्ड किंवा रीडर चटका लागण्याइतका तापला तर तत्क्षणी काढा. आत शॉर्ट आहे, पुढचं काम माहीतगाराचं. नीट वाचलं गेलं तर एकही फोटो उघडून बघत बसू नका. आधी सगळं कॉपी करा, मग बघा.

भिजलेलं नाही, तरी चालत नाही

आता त्या मोठ्या गर्दीबद्दल, ज्यांचं कार्ड भिजलेलंच नाही. मी पहिल्यांदा अदलाबदल करतो. तुमचं कार्ड दुसऱ्या रीडरमध्ये, आणि दुसरं चांगलं कार्ड तुमच्या मोबाईल-कॅमेऱ्यात. यात पाच मिनिटं जातात आणि निम्मा गोंधळ संपतो. दुसरं कार्डही तुमच्या कॅमेऱ्यात चालत नसेल, तर दोष खाचेचा. तुम्ही दहा वॉटरप्रूफ कार्डं आणलीत तरी ती खाच ती वाचणार नाही.

खाचेतल्या स्प्रिंगच्या पट्ट्यांवर पावसाळ्यात बुरा धरतो. यातही एक नेहमीची गोष्ट आहे. एसी हॉलमध्ये दोन तास लग्न शूट केलं आणि तसाच कॅमेरा घेऊन बाहेर पावसाळी हवेत आलात, की गार फ्रीजमधून काढलेल्या तांब्यावर घाम येतो तसं कॅमेऱ्यावर आणि उघडं झाकण असेल तर आतही पाणी धरतं. लेन्सवरचं धुकं आपण बघतो, पुसतो. खाचेत काय झालं ते दिसत नाही, आणि नेमकं त्याच वेळी आपण कार्ड बदलायला झाकण उघडतो. एसीतून निघण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या बंद पिशवीत घाला, बाहेर आल्यावर अर्धा तास तसाच राहू द्या, मग उघडा. कार्ड बदलायचंच असेल तर हॉलमध्येच बदलून बाहेर पडा.

कार्ड कधी दिसतं, कधी गायब होतं, जरा दाबलं की पुन्हा येतं, असं होत असेल तर पट्ट्या मळल्यात. त्यांना दिव्याखाली तिरपं धरा. निरोगी पट्टी एकसारखी पिवळी चमकते. मळलेलीवर बोटाच्या ठशासारखा तांबूस पडदा दिसतो, कधी मधोमध खाचेच्या स्प्रिंगने ओढलेली काळी रेघ. आयपीए आणि मऊ कापडाने ते निघतं. खोडरबराने घासायची पद्धत आपल्याकडे घरोघरी आहे. पांढरं मऊ रबर घेऊन एक-दोनदा अलगद फिरवलं तर चालेल, पण शाईचं निळं खरखरीत रबर मुलामाच खरवडून काढतं आणि मुलामा गेला की गंज हक्काने येतो. घासल्यावरचा रबराचा कीस मात्र झटकून टाका, तो खाचेत गेला तर नवं दुखणं.

'कार्ड लॉक आहे' असं कॅमेरा म्हणत असेल तर कडेची सरकपट्टी बघा. ती सैल होते किंवा तुटून पडते. तिचा आतल्या चिपेशी काहीही संबंध नसतो, ती कुठे आहे हे कॅमेऱ्याची खाच नुसतं चाचपून बघते. त्या खोबणीवर पातळ चिकटपट्टीचा तुकडा नीट बसवला की फोटो सुरू. असली कार्डं लोकांनी 'पाण्याने खराब' म्हणून फेकलेली मी पाहिली आहेत.

'फॉर्मॅट करा' असा निरोप आला तर थांबा. बोट उचला. हा निरोप बहुतेक वेळा सांगतो की कार्डातली अनुक्रमणिका विस्कटली आहे, धडे अजून जागेवर आहेत. लिहिणं चालू असताना कार्ड ओढून काढलं, बॅटरी संपली, पावसात वीज गेली आणि सीसीटीव्ही मधेच बंद पडला, ही कारणं. अशा कार्डावर पुढे काहीही लिहू नका. कॉम्प्युटरवर फोटोरेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर चालवा. ते अनुक्रमणिका न बघता थेट फोटोंचे ठसे शोधतं. निघालेल्या फाइली कॉम्प्युटरच्या डिस्कवर साठवा, चुकूनही त्याच कार्डावर नाही. सगळं हाती लागल्यावर मग कार्ड ज्या कॅमेऱ्यात वापरायचं त्याच कॅमेऱ्यात फॉर्मॅट करा.

आणि एक लक्षण असं आहे की ते दिसलं की मी कार्ड परत वापरायला देतच नाही. फोटो डिलीट केले, कार्ड काढून पुन्हा घातलं, की सगळे फोटो परत हजर. फॉर्मॅट केलं तरी तसंच. लोकांना वाटतं व्हायरस आहे. तसं नाही. मेमरीच्या पेशी झिजल्या की कंट्रोलर स्वतःहून लिहिणं बंद करतो आणि फक्त वाचायला देतो. कार्ड सांगतंय, माझ्यातलं आत्ताच काढून घ्या. त्याचं ऐका. कॉपी करा आणि ते कार्ड कामातून काढून टाका.

डॅशकॅम आणि सीसीटीव्हीची कार्डं अशीच जातात, पाण्याने नाही. रात्रंदिवस तेच पुसून तेच लिहिणं चालू असतं. त्यात डॅशकॅम उन्हातल्या काचेमागे भाजून निघतो. तिथे वॉटरप्रूफचा काही उपयोग नाही, 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड घ्या. ते सतत लिहिण्यासाठीच बनवलेलं असतं. बाहेरच्या सीसीटीव्हीत पाणी शिरलंच तर ते कार्डाच्या झाकणाखालचं रबर नीट न बसल्यामुळे. कार्ड बदललं, दोन स्क्रू कसेबसे आवळले आणि रबर दुमडलं, असं होतं.

मोबाईल बुडाला, कार्ड वाचलं, तरीही फोटो नाहीत

हा प्रसंग मनाला लागतो, म्हणून वेगळा सांगतो. २०१५ मध्ये आलेल्या अँड्रॉइड ६ पासून काही मोबाईलमध्ये कार्ड 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडायची सोय आहे. जागा कमी पडते म्हणून दुकानदार ती चालू करून देतो आणि मालकाला पत्ता नसतो. अशा वेळी कार्डावरचं सगळं कुलूपबंद होतं आणि किल्ली त्या मोबाईलच्या पोटात राहते. मोबाईल नदीत पडला, कार्ड ठणठणीत निघालं, तरी रीडरला लावल्यावर ते रिकामं किंवा फॉर्मॅट मागणारं दिसतं. फोटोरेकही तिथे काही करू शकत नाही.

असं झालं असेल तर कार्ड जपून ठेवा आणि आधी मोबाईल जिवंत करा. दुरुस्तीवाल्याला स्पष्ट सांगा की मोबाईलला फॅक्टरी रीसेट मारायचा नाही आणि बोर्ड बदलायचा नाही, एकदाच चालू करून द्या. तो तासभर जरी चालला तरी त्याच कार्डासह फोटो बाहेर काढता येतात. आणि ज्यांचा मोबाईल अजून कोरडा आहे त्यांनी आजच सेटिंगमध्ये स्टोरेज उघडून बघा, कार्ड 'पोर्टेबल' आहे की फोनच्या मेमरीत मिसळलंय.

मग वॉटरप्रूफ कार्ड घ्यावं कोणी

वारीत दिवसभर पावसात चालत फोटो काढणारे, पावसाळ्यात जंगलात जाणारे, भर विसर्जनात कार्डं बदलणारे, ज्यांची मोठी एसडी कार्डं सुटी खिशात फिरतात, त्यांनी एकसंध ओतीव मोठं कार्ड जरूर घ्यावं. तेही पाण्यापेक्षा त्याच्या मजबुतीसाठी. साध्या मोठ्या कार्डाचा सांधा उलतो, पट्ट्यांमधली दांडी मोडते, आणि हे पाण्यात पडण्यापेक्षा खूप जास्त वेळा होतं.

मालवण-तारकर्लीला डायव्हिंगला जाऊन ॲक्शन कॅमेरा पाण्यात नेणाऱ्यांना वेगळ्या कार्डाची गरज नाही. तिथे पाणी अडवतं ते कॅमेऱ्याच्या झाकणाचं रबर. होडीत बसण्याआधी त्या रबरावरून कोरडं बोट फिरवा. वाळूचा एक कण, एक केस पुरतो. बाहेर आल्यावर झाकण बंद असतानाच कॅमेरा गोड्या पाण्यात बुडवून मीठ उतरवा, पूर्ण पुसा, आणि मग सावलीत कोरड्या हाताने उघडा. ओल्या केसांनी कॅमेऱ्यावर वाकून झाकण उघडू नका, खाचेत खाऱ्या पाण्याचा थेंब पडण्याची तीच वेळ असते.

बाकी आपण सगळे, मोबाईलमध्ये गाणी, घरचे फोटो, मुलांचे व्हिडिओ ठेवणारे, आपण जास्तीचे पैसे घालायचे ते अस्सलपणासाठी. बनावट कार्डांचा सुळसुळाट फार आहे. वर १२८ जीबी छापलेलं, आत खरी जागा ८. सुरुवातीला सगळं नीट दिसतं, मग फोटो निम्मे करडे होतात, व्हिडिओ मधेच थांबतात, आणि नेमका तेव्हा पावसाळा असेल तर खापर पाण्यावर फुटतं. बनावट कार्डावर वॉटरप्रूफचं चित्रही हुबेहूब छापलेलं असतं. त्या चित्रावर विश्वास कसा ठेवायचा?

नवं कार्ड घरी आणलं की त्याच रात्री कॉम्प्युटरला लावा आणि एच२टेस्टडब्ल्यू चालवा. लिनक्स किंवा मॅक असेल तर एफ३. कार्ड तपासणारी ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत. ती कार्ड काठोकाठ भरतात आणि लिहिलेलं सगळं परत वाचून ताळा करतात. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, रात्रभर चालू द्या. सकाळी एक जरी चूक दाखवली तर बिलासकट दुकानात परत जा, अजून तुमचे फोटो त्यात गेलेले नाहीत. ताळा जुळला तर कार्डाच्या कोऱ्या बाजूला बारीक मार्करने महिना आणि साल लिहा, पट्ट्यांपासून लांब. मी माझ्या प्रत्येक कार्डावर लिहितो. गौरी-गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, चार कार्डं टेबलावर पडलेली असतात, तेव्हा कोणतं नवं आणि कोणतं थकलेलं ते त्या आकड्यावरून लगेच कळतं.